मराठी मॅटर पानावर आणलं की अक्षरं का फुटतात? इनडिझाइन नव्याने शिकणाऱ्यांसाठी

पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, गणेश मंडळाची स्मरणिका, दिवाळी अंक, लग्नपत्रिका. नाशकात डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं मांडायचं काम, शिकायला लागलेल्या मुलामुलींच्या हातात सुरुवातीला येणारी कामं हीच. आणि यातल्या जवळजवळ प्रत्येक कामात एक तक्रार हमखास येते. वर्डमध्ये मॅटर नीट दिसत होतं, पानं मांडायच्या इनडिझाइनमध्ये आणलं आणि वेलांट्या पळाल्या. किंवा आपल्या मशीनवर सगळं व्यवस्थित, पण प्रेसवर फाईल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं. रात्री बसून दुरुस्त करायचं, सकाळी प्रूफ मंजूर करून घ्यायचं, आणि पुढच्या जॉबला पुन्हा तेच.

ही तक्रार परत परत येते, कारण आपण दर वेळी फक्त दिसणारं बिघडलेलं पान सुधारतो. हा फॉन्ट लावून बघ, तो लावून बघ, नाहीच जमलं तर परिच्छेद नव्याने टाइप कर. पण हातात आलेलं मॅटर युनिकोडमध्ये आहे की जुन्या फॉन्टमध्ये, हे कोणी तपासतच नाही. ते कळल्याशिवाय बाकीचा कुठलाही उपाय लागू पडत नाही. पडलाच तर योगायोगाने.

दोन वेगवेगळी मराठी

कृतीदेव, श्रीलिपी, आकृती, आयएसएमचे डीव्हीबी-टीटी सुरेखसारखे फॉन्ट हे सगळे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांच्या जागेवर मराठी चित्रं बसवून तयार झालेले आहेत. कॉम्प्युटरच्या लेखी ते मॅटर इंग्रजीच असतं, फक्त दिसतं मराठी.

एक शब्द जवळून बघू. कृतीदेव ०१० मध्ये ‘नाशिक’ लिहिताना बोटं या क्रमाने पडतात: यू, के, एफ, अपॉस्ट्रॉफी, के, डी. यू म्हणजे न, के म्हणजे काना, एफ म्हणजे वेलांटी, अपॉस्ट्रॉफी म्हणजे अर्धा श, पुन्हा के म्हणजे त्या अर्ध्या श ला पूर्ण करणारा दांडा, आणि डी म्हणजे क. दोन गोष्टी लक्षात घ्या. वेलांटी श च्या आधी टाइप झाली, कारण ती दिसते आधी. आणि श हे एक अक्षर नसून दोन तुकडे आहेत. फॉन्ट काढून घेतला की या सहा इंग्रजी खुणांखेरीज मागे काहीच उरत नाही.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे आणि क्रम उच्चाराचा आहे: न, काना, श, वेलांटी, क. वेलांटी श च्या नंतर साठवली जाते. ती उचलून श च्या डावीकडे नेऊन बसवणं हे सॉफ्टवेअरचं काम. रफाराचंही तसंच. ‘कुशावर्त’मध्ये र् आधी साठवला जातो, त च्या डोक्यावर तो नंतर चढतो. सॉफ्टवेअरने हे काम केलं नाही तर मॅटर अचूक असूनही पानावर चुकीचं दिसतं.

आता प्रत्यक्षातला जॉब घ्या. पतसंस्थेच्या गेल्या वर्षीच्या अहवालाची फाईल पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, श्री-देव ०७१४ फॉन्टमध्ये. यंदाचं अध्यक्षांचं मनोगत व्हॉट्सॲपवर आलेलं, म्हणजे मोबाइलवर टाइप केलेलं, म्हणजे युनिकोड. ताळेबंदाच्या टिपा ऑडिटरकडून एक्सेलमध्ये, त्या कुठल्या फॉन्टमध्ये हे उघडून बघितल्यावरच कळणार. हे तिन्ही एका फाईलमध्ये ओतायचं आणि सगळ्यावर एकच फॉन्ट लावायचा, तर काही ना काही फुटणारच. यात ऑपरेटरचा हात कच्चा आहे असं काही नाही. दोन वेगळ्या व्यवस्था एकाच फॉन्टखाली नांदू शकत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

तपासायची रीत सोपी आहे. मॅटर कॉपी करा, विंडोजच्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी दिसली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसली तर जुना फॉन्ट. अर्धं असं नि अर्धं तसं दिसलं, तर आधीच्या कोणीतरी दोन्ही एकत्र केलंय, ते वेगळं काढूनच पुढे जायचं. आलेली प्रत्येक फाईल पानावर नेण्याआधी नोटपॅडमधून गेलीच पाहिजे, मग ती कितीही घाईची असो.

काय दिसतंय, त्यावरून काय बिघडलंय

पानभर इंग्रजी अक्षरं असतील तर मॅटर जुन्या फॉन्टमधलं आहे आणि तो फॉन्ट या मशीनवर नाही, किंवा कोणीतरी बदललाय. मॅटर शाबूत आहे, पुन्हा टाइप करू नका. इनडिझाइनमध्ये टाइप मेनूतल्या फाइंड फॉन्टमध्ये (नव्या आवृत्त्यांत ‘फाइंड/रिप्लेस फॉन्ट’) मूळ फॉन्टचं नाव दिसतं. तो मिळवा, नाहीतर मॅटर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

चौकोन दिसत असतील तर बहुधा उलटं झालंय. मॅटर युनिकोड आहे आणि लावलेल्या फॉन्टमध्ये देवनागरीच नाही. नव्या टेक्स्ट फ्रेमला इनडिझाइन आपणहून मिनियन प्रो लावतं, त्यात मराठी अक्षरं नाहीत. युनिकोड मॅटरवर श्री-देव लावला तरीही तेच होणार.

प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र थांबा. युनिकोड मजकूर पेजमेकरमध्ये पेस्ट केला की असं होतं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ साली आली आणि तिला युनिकोड देवनागरी समजत नाही. तिथे अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह साठवलं जातं, त्यामुळे कुठलाही फॉन्ट लावून ते परत येत नाही. मूळ मेसेज किंवा मूळ फाईल उघडा आणि तिथून पुन्हा घ्या. अनेक क्लासमध्ये सुरुवात अजूनही पेजमेकरने होते. पानाची मांडणी, मास्टर पेज, कॉलम या गोष्टी त्यावर शिकता येतात हे खरं. पण आज ग्राहकाकडून येणारं बहुतेक मॅटर मोबाइलवरून येतं, म्हणून शिकणाऱ्याने लवकरात लवकर युनिकोड जाणणाऱ्या सॉफ्टवेअरवर हात बसवावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि चौथं लक्षण, जे सगळ्यात जास्त भेटतं: अक्षरं मराठीच, पण जागा चुकलेल्या. ‘नाशिक’ लिहिलेलं ‘नाशकि’ दिसतं. ‘त्र्यंबकेश्वर’मध्ये पायमोडकी अक्षरं सुटी सुटी उभी राहतात. मॅटर युनिकोड आहे, फॉन्टही बरोबर आहे, फक्त वेलांटी उचलून जागेवर ठेवायचं काम इनडिझाइन करत नाहीये. कारण परिच्छेदाला नेहमीचा, इंग्रजी धाटणीचा कंपोझर (ओळीत अक्षरं जुळवून बसवणारी यंत्रणा) लागलाय.

उपाय: मजकूर निवडा, पॅराग्राफ पॅनेलच्या कोपऱ्यातला मेनू उघडा, ‘ॲडोब वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. वेलांट्या डोळ्यांदेखत जागेवर जातात. भारतीय लिप्यांसाठी ही सोय सीएस६ पासून आहे. त्याआधीच्या आवृत्तीत हा पर्याय मेनूत सापडत नाही म्हणून शोधत बसू नका.

बहुतेक जण इथे थांबतात, आणि म्हणूनच दुखणं परत येतं. कंपोझर हा परिच्छेदाचा गुण आहे, फाईलचा नाही. तुम्ही एक परिच्छेद सुधारला, पण दुसऱ्या फाईलमधून आणलेला परिच्छेद स्वतःचा जुना कंपोझर घेऊनच येतो. कायमचा बंदोबस्त पॅराग्राफ स्टाइलमध्ये करायचा. ‘मूळ मजकूर’ नावाची एक स्टाइल करा. तिच्यात युनिकोड फॉन्ट ठरवा, जस्टिफिकेशनच्या भागात वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, ॲडव्हान्स्ड कॅरेक्टर फॉरमॅट्समध्ये भाषा मराठी करा. मथळा, उपमथळा, चौकट, फोटोओळ या बाकी सगळ्या स्टाइल तिच्यावर आधारित ठेवा. हे सगळं एकही डॉक्युमेंट उघडं नसताना केलंत तर पुढच्या प्रत्येक नव्या फाईलमध्ये ही स्टाइल तयारच मिळते.

भाषा मराठी करण्याचा फायदा फक्त शब्द तोडण्यापुरता नाही. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये ल आणि श ची हिंदी वळणं आणि मराठी वळणं दोन्ही असतात, आणि भाषा कुठली लावलीय त्यावर कुठलं वळण उमटणार ते ठरतं. सिंहस्थाची पत्रकं मराठी आणि हिंदी अशी दोन्ही करायची असतील, तर मराठी मजकुराची स्टाइल हिंदीला तशीच लावू नका, हिंदीसाठी वेगळी करा.

फोटोशॉपमध्येही हीच भानगड आहे. प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात जुन्या आवृत्त्यांत ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ आणि नंतरच्या आवृत्त्यांत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ असा पर्याय असतो. इलस्ट्रेटरमध्ये ‘शो इंडिक ऑप्शन्स’वर खूण केली की पॅराग्राफ पॅनेलमध्ये कंपोझर निवडता येतो. पैसे न भरता शिकायचं असेल तर स्क्रायबस चांगलं आहे, फक्त १.४ ही जुनी मालिका घेऊ नका, तिला देवनागरी जोडता येत नाही. १.६ घ्या.

तपासणीसाठी एक ओळ

फॉन्ट चांगला आहे की नाही, कंपोझर लागलाय की नाही, जुन्या फॉन्टचं मॅटर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरने काही खाल्लंय की नाही, हे बघायला लांबलचक मजकूर लागत नाही. आपल्या जिल्ह्यातली नावंच पुरतात. ही ओळ टाइप करून ठेवा:

त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी, कुशावर्ताच्या पायऱ्या, सप्तशृंगी गड, सिन्नरचा गोंदेश्वर, दिंडोरीची द्राक्षं, ऑक्टोबर, ॲडव्हान्स.

‘त्र्यं’मध्ये तीन व्यंजनं आणि वर अनुस्वार. ‘ब्रह्म’मधला ह्म बऱ्याच फॉन्टमध्ये विचित्र बसतो. ‘कुशावर्त’ रफारासाठी. ‘सप्तशृंगी’त शृ हवा, अनेक जण तिथे श्रृ टाइप करतात आणि दोष फॉन्टला देतात. ‘सिन्नर’मध्ये वेलांटी आणि लगेच जोडाक्षर. ‘द्राक्षं’मध्ये द्र चा पाय आणि क्ष वरचा अनुस्वार दोन्ही दिसतात. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन येतो.

‘पायऱ्या’ मी मुद्दाम ठेवलाय. इथला र अर्ध्या चंद्रासारखा वळलेला हवा. चुकला की ‘पायर्या’ होतं, र डोक्यावर रफार बनून बसतो, आणि मराठी वाचणाऱ्याला ते लगेच खटकतं. हा ऱ वेगळं अक्षर आहे, खाली नुक्ता असलेलं. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकावर शिफ्ट-जे, मग डी, मग स्लॅश दाबलं की ‘ऱ्य’ येतं. काही कन्व्हर्टर त्याऐवजी साधा र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. तेही दिसायला बरोबर असतं, पण पुढे कुठल्याशा प्रोग्रॅमने ते अदृश्य चिन्ह गाळलं की रफार उगवतो. म्हणून ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘कोऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ असे शब्द प्रूफमध्ये डोळ्यांत तेल घालून बघा.

जुनं मॅटर बदलताना

कन्व्हर्टर वापरताना पहिली अट ही की मॅटर ज्या फॉन्टचं, कन्व्हर्टर त्याच फॉन्टचा. कृतीदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीच्या मॅटरवर चालवला तर निघणारं मराठी ओळखू येत नाही. आणि कन्व्हर्टर बरोबर असला तरी काही चुका दिसत नाहीत, हेच त्यातलं मोठं दुखणं आहे.

‘गोदावरी’ घ्या. नीट टाइप केलं तर ‘गो’ म्हणजे ग आणि ो, एकच मात्राचिन्ह. कन्व्हर्टरमधून आलेल्या मॅटरमध्ये कधी कधी ग, काना आणि सुटी मात्रा असे तीन भाग असतात: ‘गाेदावरी’. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. पण तुम्ही ‘गोदावरी’ शोधायला गेलात तर दुसरा सापडणार नाही, सूची चुकीची बनेल, आणि उद्या वेगळा फॉन्ट लावला की मात्रा बाजूला सरकेल. ‘आ’ च्या जागी अ आणि काना हाही याच जातीचा दोष.

हे नोटपॅडमध्ये शोधा-बदला करून साफ करता येतं, पण क्रम महत्त्वाचा. आधी तीन तुकड्यांची जोडणी: ‘अाे’ चं ‘ओ’, ‘अाै’ चं ‘औ’, ‘अाॅ’ चं ‘ऑ’. मग ‘अा’ चं ‘आ’ आणि ‘अॅ’ चं ‘ॲ’. सगळ्यात शेवटी ‘ाे’ चं ‘ो’, ‘ाै’ चं ‘ौ’, ‘ाॅ’ चं ‘ॉ’. क्रम उलटा केलात तर ‘ओळख’चं ‘अोळख’ होऊन बसतं आणि ते नंतर शोधणं जास्त कठीण जातं. त्यानंतर हलंतापुढे थेट काना आलाय का तेही शोधा. मराठीत असं कधीच येत नाही, म्हणजे सापडेल तिथे चूक आहेच.

कन्व्हर्टर आणखी एका जागी घसरतो, आणि तेही वर सांगितलेल्या क्रमामुळे: वेलांटी आणि रफार एकत्र आले की. ‘कार्तिकी’, ‘निर्मिती’, ‘आर्थिक’, ‘वार्षिक’. पतसंस्थेच्या अहवालात शेवटचे दोन शब्द पानोपानी असतात, तेव्हा आधी तेच तपासा.

ग्राहक जुन्या फॉन्टमध्येच काम करा म्हणत असेल तर तसं करता येतं, मात्र वर्डचं ऑटोकरेक्ट आधी बंद करा. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करायची सवय वर्डला असते, आणि कृतीदेवमध्ये कॅपिटल यू म्हणजे अर्धा न. वाक्य ‘नाशिक’ने सुरू झालं की तिथला न मोडलाच. त्याचप्रमाणे सरळ अपॉस्ट्रॉफीचा वळणदार अवतरण झाला की श फुटतो, कारण अर्धा श त्याच कळीवर आहे. वर्डमध्ये ऑटोकरेक्टच्या ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ भागात ‘स्मार्ट कोट्स’ आणि इनडिझाइनमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात ‘टायपोग्राफर्स कोट्स’ बंद करायचे. फाईल प्लेस करताना येणाऱ्या इम्पोर्ट ऑप्शन्समध्येही तीच खूण असते, तीही काढा. ‘सगळीकडे फक्त श च का फुटतोय’ या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

पीडीएफमधून मॅटर कॉपी करणं टाळा. देवनागरी पीडीएफ दिसायला सुरेख असली तरी तिच्यातून उचललेल्या मजकुरात वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटलेली येतात. मूळ वर्डची फाईल मागा.

शिरोरेषा तुटणं

हा फॉन्टचा दोष नाही. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलं की अक्षरं लांब जातात आणि शिरोरेषेत फटी पडतात. मथळा रुंद करायला इंग्रजीत जे चालतं ते इथे चालत नाही, पॉइंट साइज वाढवा किंवा रुंद वळणाचा फॉन्ट घ्या. जस्टिफाय केलेल्या मजकुरात फटी दिसल्या तर जस्टिफिकेशनमध्ये लेटर स्पेसिंगचे तिन्ही आकडे शून्य करा, जागा फक्त शब्दांमध्ये वाढू द्या. ओळींमधलं अंतरही सढळ ठेवा. ऑटो लीडिंग १२० टक्के धरतं, मराठीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार त्यात एकमेकांना भिडतात. १२ पॉइंटला १७ च्या आसपास मला बरं वाटतं, फॉन्ट बघून थोडं कमीजास्त.

प्रेसला देताना

आपल्याकडे नीट आणि प्रेसवर बिघडलेलं, याची कारणं दोनच: फॉन्ट पोचला नाही, किंवा पीडीएफ भलत्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. ओपन फाईल, म्हणजे इनडिझाइनची मूळ फाईल, द्यायची असेल तर फाईल मेनूतलं पॅकेज वापरा, त्यात फॉन्टचं फोल्डर तयार होतं. फॉन्टचं लायसन्स देऊ देतं का तेवढं बघा. पीडीएफ द्यायची असेल तर बनवल्यावर ॲक्रोबॅटमध्ये प्रॉपर्टीजच्या फॉन्ट्स विभागात जा. प्रत्येक फॉन्टसमोर ‘एम्बेडेड सबसेट’ किंवा ‘एम्बेडेड’ लिहिलेलं हवं, म्हणजे तो फॉन्ट पीडीएफमध्येच सामील आहे. एका जरी फॉन्टसमोर ते नसेल तर फाईल पाठवू नका.

प्रेसवाल्याला पीडीएफ कोरलड्रॉमध्ये घ्यायची सवय असेल तर त्याला सांगा, इम्पोर्ट करताना ‘टेक्स्ट’ निवडू नका, ‘कर्व्हज’ निवडा. टेक्स्ट म्हणून घेतलं की कोरल मजकूर आपल्या पद्धतीने पुन्हा जुळवायला जातं आणि तिथे जोडाक्षरं सुटतात. लग्नपत्रिका किंवा मुखपृष्ठ असेल तर आपणच क्रिएट आउटलाइन्स करून, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून, दिलेलं बरं, फक्त मूळ फाईल वेगळी जपून ठेवा, आउटलाइन झालेल्या नावात नंतर एक काना बदलता येत नाही. चौसष्ट पानी अहवालाला मात्र आउटलाइन करू नका. फाईल जड होते, बारीक टाइप जाड दिसू शकतो, आणि प्लेटच्या आदल्या दिवशी लेखापरीक्षकाचा बदल आला की सगळं मागे जाऊन करावं लागतं.

प्लेट लागण्याआधी प्रेसच्या मशीनवरून निघालेलं एक प्रूफ मागून घ्या, आपल्या प्रिंटरवरचं नव्हे. पहिल्या पानाच्या कडेबाहेर, स्लग या कापून जाणाऱ्या जागेत, ती तपासणीची ओळ बारीक टाइपात, पानात वापरलेल्या त्याच फॉन्टमध्ये ठेवा आणि पीडीएफ बनवताना ब्लीड-स्लगचा भाग सामील करा, म्हणजे ती प्रूफवर येते आणि कटिंगमध्ये निघून जाते. त्या ओळीतलं ‘त्र्यंबकेश्वर’ आणि ‘पायऱ्या’ नीट असेल तर आतल्या पानांवरची नामावली, ठराव आणि आकडे वाचायला बसा. नीट नसेल तर तिथूनच परत पाठवा.